शेवटचं भांडं

स्मशानाबाहेरच्या दुकानात बांबू, सुतळी आणि पांढऱ्या कापडाच्या ताग्यांशेजारी मडक्यांची उतरंड रचलेली होती. बाबांच्या अस्थी गोळा करायला निघालो होतो. दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं, "मातीचं देऊ, का तांब्याचा कलश?" आत्या म्हणाली, "तांब्याचा घे गं, नाशिकपर्यंत न्यायचाय. वाटेत फुटायला नको." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबा माठ आणायला जायचे, तेव्हा बोटाच्या पेरानं एकेक माठ वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला. बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा. मी त्या मडक्यांना तसंच वाजवत गेले. आत्या काही बोलली नाही. नीट वाजलेलं एक मडकं मी उचललं.

राख अजून कोमट होती. दूध-पाणी शिंपडल्यावर तिचा एक ओलसर, करपट वास आला. अस्थी पांढुरक्या, कुठे कुठे निळसर, आणि हाताला अगदी हलक्या. बाबांनी शाळेत आयुष्यभर झिजवलेल्या खडूंसारख्या. त्या मडक्यात ठेवल्या, तोंडावर कापड बांधलं. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून मडकं अंगणातल्या आंब्याला टांगलं. रात्री खिडकीतून ते दिसत होतं आणि मला त्याची भीती वाटत नव्हती, उलट सोबत वाटत होती.

माणसाचं एवढंसं उरलेलं कशात ठेवावं, हा प्रश्न आपण फार घाईत उरकतो असं मला वाटतं. तो फार जुना आहे, आणि त्यावर लोकांनी फार मायेनं विचार केलाय. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या इवल्या सोन्यात कुणीतरी मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे जपले होते, बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे ते आहेत. एवढी सगळी धातू-रत्नं राखणीला, आणि राखायची ती खापरं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पण काही अस्थींना वाट बघायची असते. तिथे पात्र टिकाऊच हवं. लंडनचं इंडिया हाऊस उभं करणारे, सावरकरांना शिष्यवृत्ती देणारे श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात वारले. आपल्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी शंभर वर्षं सांभाळण्याची सोय त्यांनी तिथे पैसे भरून करून ठेवली होती. देश स्वतंत्र झाला की त्या मायभूमीत न्याव्यात, एवढीच इच्छा. १९४७ उलटून गेलं, तरी कलश तिथेच. ते भारतात आले २००३ मध्ये, आणि आज त्यांच्या मांडवी गावच्या स्मारकात आहेत. स्वतःसाठी इतक्या दूरचा विचार करून ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

बाबांना कुणाची वाट बघायची नव्हती. रामकुंडावर अस्थी सोडताना गोदावरीचं पाणी गार होतं. शेजारच्या कुटुंबाने पितळेचा चकचकीत कलश सोडला. तो तळाशी बसणार आणि नंतर कुणीतरी तो वर काढणार. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही हे खरं. पण फुटते, तिच्या खापऱ्या होतात, त्या झिजत जातात. पुन्हा कुणाच्या वापराला येत नाहीत. हे मला बरं वाटतं. ते भांडं एकाचं असावं, एकाच कामापुरतं.

म्हणून माझ्यासाठी मातीचंच आणायचं, हे मी मुलांना सांगून ठेवलंय. वहीत लिहूनही ठेवलंय. विषय काढला तेव्हा मुलगी रागावली, मग जवळ येऊन बसली आणि तिनेच नदीचं नाव विचारलं. तुम्हीही घरात हे एकदा बोलून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांना त्यांच्या मनात काय आहे ते विचारा. तेरवीच्या जेवणाचा बेत सगळे ठरवतात, हे मात्र त्या सकाळी कोणाला सुचत नसतं.