नावावरचे खेळ

'विकत घेणे' हे क्रियापद आपण निःशंकपणे वापरतो. दाम मोजले, वस्तू घरात आली. ती वापरावी, उसनी द्यावी, मुलाबाळांसाठी ठेवावी. मराठी माणसाच्या व्यवहारबुद्धीला यापलीकडचा अर्थ सहसा सुचत नाही. दिल्लीत स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी ग्रंथपालांना मात्र गेल्या उन्हाळ्यात या शब्दाचा अर्थ नव्याने तपासावा लागला.

निमित्त झाले बारा वर्षांच्या नातवाचे. दिवाणखान्यातील प्लेस्टेशन ४ या यंत्रावर सगळे खेळ नेहमीप्रमाणे दिसत होते, पण बहुतेकांच्या चित्रावर एक लहानसे कुलूप आले होते.

"आजोबा, पैसे तर भरलेत ना आपण? मग कुलूप कसं?"

आजोबांना खेळातले काही कळत नव्हते. परंतु नोंदीतील घोळ शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. इंटरनेटची जोडणी पाहिली. खरेदीच्या पावत्या जर्मनीत शिकणाऱ्या थोरल्या नातवाकडून मागवल्या. त्या बिनचूक होत्या. परवाने पूर्ववत करण्याची सोय यंत्रातच असते, तीही वापरली. कुलपे हलली नाहीत. तबकडीवर घेतलेले दोन खेळ तेवढे बिनतक्रार चालत होते. ग्रंथपालांचे लक्ष तिथेच अडकले: जे हातात धरता येते ते चालते, जे केवळ नावावर आहे ते अडते. मग नाव कोणाचे?

नाव थोरल्याचे होते. तबकड्यांखेरीज सारे खेळ त्याच्या खात्यावर घेतलेले. परदेशी त्याने जुने यंत्र मिळवले, त्यावर आपले खाते उघडले आणि तेच 'मुख्य' म्हणून नोंदवले. एका खात्याला मुख्य असे प्लेस्टेशन ४ एकच असते. त्यावर घरातील कोणीही, जोडणी नसतानाही, ते खेळ खेळू शकतो. अन्य यंत्रावर तो अधिकार खुद्द खातेदाराचा, आणि तोही जोडणी असेल तर. तिकडे एक कळ दाबली गेली आणि इकडच्या घराचे मुख्यपण गेले.

"दादा, तू आमचे खेळ घेऊन गेलास!"

"अरे, मी काहीच नेलं नाही रे!"

दोघेही खरेच बोलत होते.

ग्रंथपालांना ही रचना अनोळखी वाटली नाही. हे ग्रंथालयाचे सभासदत्व होते. पुस्तक हातात असले तरी अधिकार नोंदवहीतील नावाचा. खटकत होते ते एवढेच, की सभासदत्वाला इथे खरेदी म्हटले जात होते. २००९ मध्ये ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'च्या काही प्रती ॲमेझॉनने वाचकांच्या किंडल यंत्रांतून काढून घेतल्या. विक्रेत्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते म्हणून, आणि पैसे परत करून. तरी शिक्का मारून मांडणीत ठेवलेले पुस्तक असे रातोरात नाहीसे होत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने विक्रेत्यांवर बंधन घातले, की असा माल विकताना आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. शब्दाच्या अर्थासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

तोड अखेर सोपी निघाली. दिल्लीच्या यंत्रावर थोरल्याचे खाते उघडले. त्याच्या फोनवर आलेला संकेतांक त्याने वाचून दाखवला. हे यंत्र पुन्हा मुख्य झाले आणि कुलपे गेली. त्याचे तिकडे काहीच अडले नाही. ज्याचे नाव आहे त्याला कोठेही त्याचे नाव पुरते. मुख्यपणाची गरज असते ती मागे राहिलेल्यांना.

त्या संध्याकाळी ग्रंथपालांनी एक जुनी वही काढून रकाने आखले: खेळाचे नाव, खाते कोणाचे, मुख्य यंत्र कोठे. तबकडीच्या दोन खेळांपुढे 'मालक' या रकान्यात त्यांनी धाकट्याचे नाव लिहिले. बाकीच्या ओळींत तो रकाना त्यांनी कोरा ठेवला.