टेबल लेव्हलला आणताना

आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या आणि एक पूल टेबल. टेबल निळ्या ताडपत्रीखाली, त्यावर कुंड्या, जुने आकाशकंदील, माझी पंक्चर सायकल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी विषय निघायचा आणि बाबा दर वर्षी म्हणायचे, ‘बघतो.’

टेबल काकाचं. २००१ मध्ये त्याने पुण्यात एका कॉलेजजवळ पूल पार्लर काढलं. शाळा सुटली की मी तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होमवर्क करायचे. भिंतीवर विल्सन जोन्सचा फोटो. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय! शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं, मी मात्र सॉलिड भाव खायचे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पार्लर बसलं. भाडं थकलं, बाबांनी पैसे घातले, आणि मग त्या पैशांवरून दोघं भाऊ बोलायचे थांबले ते थांबलेच. बाकीची टेबलं विकली गेली. हे जुनं, आठ फुटी, कुणी घेईना. आमच्याकडे आलं. ‘तात्पुरतं.’

यंदा मीच ठरवलं, बास, भंगारात काढू. ताडपत्री उचलली आणि सहज एक बॉल मारला. कुशनवर ‘थड’ असा मेलेला आवाज झाला आणि बॉल अर्ध्या टेबलावरून आपला आपण डावीकडे वळून कोपऱ्यात जाऊन बसला. का कोण जाणे, वाईट वाटलं. भंगारवाल्याऐवजी काकाला फोन लावला.

‘काका, टेबल काढून टाकू का?’

बराच वेळ काही आवाज नाही. मग, ‘रविवारी येतो. तू हात लावू नकोस.’

पुढचे तीन रविवार मी हेल्पर. बाबा वरच. पेपर वाचत, म्हणजे एकच पान दोन तास.

काकाने आधी खालचे बोल्ट सोडवून रेल्स काढल्या, मग बुरशी आलेलं कापड पिना उपसून सोललं. खाली काळा दगड. ‘स्लेट आहे. हिला पावसाचं काही होत नाही. वाकतं ते लाकूड, आणि मरतं ते रबर.’ कुशनच्या रबरात त्याने नख रुतवून दाखवलं. रुतलंच नाही. वर्षांनुवर्षांत रबर कडक होतं आणि बॉल परत फेकायचं विसरतं.

नवीन रबर कुठलंही चालत नाही हं. आकार जुन्यासारखाच हवा. कुशनचं नाक बॉलच्या उंचीच्या साधारण साडेत्रेसष्ट टक्क्यांवर यावं लागतं. ५७ मिलीमीटरच्या बॉलला ३६ मिलीमीटर. नाक खाली गेलं तर बॉल उडतो, वर गेलं तर दाबला जातो. जुना गोंद खरवडून काढायचं काम माझ्याकडे. मॅनिक्युअर विसरा.

खरी गंमत तिसऱ्या रविवारी. स्लेटचे तीन तुकडे, एकेक सत्तर किलोच्या आसपास. पायांखालची फ्रेम समतल झाली तरी तुकडे एकमेकांशी जुळवावे लागतात. स्क्रू ढिले करायचे, पहारीने केसभर उचलायचं, फ्रेम आणि दगडाच्या मध्ये पातळ पाचर सरकवायची. काकाकडे वीतभर पाणसळ होती. तिच्यातला बुडबुडा दर वेळी नवीन गोष्ट सांगायचा. काका वैतागला, मी भुकेली.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज. बाबा. हातात त्यांची साईटवरची दोन फुटी पाणसळ. रिटायर झाल्यावरही तेल लावून ठेवलेली.

‘ही घे. तिच्यावर काय विश्वास ठेवतोस?’

पाच वर्षांत काकाशी बोललेलं पहिलं वाक्य!

काका वर न बघता म्हणाला, ‘दादा, त्या टोकाला धर.’

मग दोन तास नुसती भांडाभांडी. पाचर जाड झाली, पातळ झाली, तुला कळत नाही, तूच बघ मग. शेवटी पाचर राहिली आणि खेळायच्या पत्त्याचा तुकडा बसला. इस्पिकची दुर्री. सांध्यांत मेण वितळवून ओतलं, पात्याने सपाट खरवडलं. नवीन कापड तिघांनी ताणलं. सुरकुती पडली की परत पहिल्यापासून.

कापड आणि रबराचे पैसे बाबा द्यायला निघाले. काका म्हणाला, ‘नाही दादा, हे मी देणार.’ बाबा क्षणभर थांबले आणि पाकीट खिशात ठेवलं. मला वाटतं, तेच त्यांचं सगळ्यात अवघड काम होतं.

मोठ्या पैशांचा विषय अजून निघालेला नाही. निघेल, न निघेल. पण काका दर रविवारी येतो. कापड एकाच दिशेने ब्रश करतो, कडेची खडूची भुकटी काढतो, पाणसळ ठेवून बघतो. ‘लाकूड आहे, हलतं. बघत राहावं लागतं,’ म्हणतो.

मग बाबा खाली येतात, दोन कप चहा घेऊन. मला माझा वरून आणावा लागतो.