ज्याचा त्याचा आवाज

मैत्रिणींनो, घरात एकच रेडिओ होता तेव्हाची भांडणं तुम्हांला आठवतात का? वडिलांना बातम्या हव्यात, आईला भावगीतं आणि आम्हां भावंडांना सिनेमातली गाणी. ज्याच्या हातात रेडिओचा कान, त्याचं राज्य! ते दिवस संपले असं मी धरून चालले होते. पण मध्यंतरी आमच्या सोलापूरच्या घरात तेच भांडण नव्यानं उभं राहिलं, आणि या खेपेला ते कॉम्प्युटरवरून होतं. भांडण तरी कसलं म्हणा! ज्याला त्रास होत होता तो माणूस तोंडातून ब्र काढत नव्हता. म्हणून तर मला ते इतक्या उशिरा कळलं.

तो माणूस म्हणजे आमचे मामंजी. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला आणि उतारवयात काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. (घरात कुणाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत, एवढं जाता जाता सांगते.) वर्तमानपत्र बंद, पत्रं बंद, बँकेचं पुस्तकही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. मग पुण्याच्या भाच्यानं आमच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम घालून दिला. पडद्यावर जे असेल ते हा मोठ्यानं वाचून दाखवतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली तो करायला घेतला, आणि आजही तो फुकट मिळतो. मराठी वाचतो, पण आवाज असा की सर्दी झालेला कारकून टिपण वाचतोय! मामंजी त्याला 'आमचा कारकून' म्हणायला लागले. दोन-तीन महिन्यांत कळफलकावर बोटं बसली आणि त्यांची पत्रं, बातम्या, बँक, सगळं पुन्हा त्यांच्या ताब्यात आलं.

दुसऱ्या बाजूला सासूबाई. त्यांना संधिवात आणि कानानं थोडं कमी. रोज दुपारी झोपाळ्यावर बसून कीर्तन ऐकायचं, तेही त्याच कॉम्प्युटरवरून, कारण त्याला मोठे स्पीकर आहेत. तुम्ही म्हणाल, एखादा मोबाईल द्या की त्यांना! दिला होता हो. पण मोबाईलचा तो चिरका आवाज त्यांच्या कानाला लागत नाही.

आता पेच असा की मामंजींच्या हेडफोनची पिन कॉम्प्युटरला लावली की स्पीकर मुके होत. कीर्तन बंद. काढली की कीर्तन सुरू, पण मग कारकूनही स्पीकरवरच बोलणार. दोन्ही एकदम चालू म्हणजे आपला गड्डाच. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर पाळणेवाल्याचा कर्णा, मौत का कुवाँवाल्याचा कर्णा आणि भेळवाल्याची आरोळी एकमेकांत मिसळून जे होतं, तेच आमच्या दिवाणखान्यात. मामंजींनी काय केलं असेल? गुपचूप हेडफोन काढून ठेवला. बायकोचं कीर्तन मोडायचं नाही म्हणून स्वतःची पत्रं आवाज बारीक करून, कीर्तनाच्या मधल्या फटींत ऐकायला लागले. मला वाटत होतं, त्यांना हेडफोन आवडत नसेल. पाहा माझी अक्कल!

आणि मग एका रविवारी व्हायचं ते झालं. नणंद आणि तिच्या सासरची मंडळी आली होती. चहा चालला होता, झोपाळ्यावर कीर्तन, आणि कोपऱ्यात मामंजी आपली डाक पाहत बसलेले. कीर्तन संपलं, एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत कारकुनानं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, की घेतलेले पैसे दिवाळीपर्यंत फेडणं जमणार नाही, ताईला यातलं काही कळू देऊ नका. पत्र सासूबाईंच्या धाकट्या भावाचं होतं. मामंजींनी त्याला अडीअडचणीला पैसे दिले होते आणि वर्षभर पोटात ठेवलं होतं. कारकुनाला थांबवायला एक कळ पुरते, पण त्या गडबडीत त्यांची बोटं भलतीकडेच पडली. शेवटी मीच धावत जाऊन स्पीकरचं बटण बंद केलं.

पाहुणे सभ्य. कुणी काही बोललं नाही. सासूबाई उठून आत गेल्या. मामंजी त्या दिवसापासून कॉम्प्युटरजवळ फिरकले नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. पुन्हा "सूनबाई, एवढी बँकेची चिठ्ठी वाचता का?" सुरू झालं. ती चिठ्ठी वाचताना माझाच आवाज घशात अडकायचा. डोळस माणसाचं पत्र घडी घालून खिशात राहतं. त्यांचं मात्र चारचौघांत वाचलं गेलं होतं.

मी हट्टाला पेटले. एका दुकानात जाऊन अडचण सांगितली. त्यानं मोठ्या खात्रीनं दोन तोंडांची पिन दिली. एका तोंडाला स्पीकर लावा, दुसऱ्याला हेडफोन, झालं काम. घरी आणून लावते तो काय, दोन्हीकडे तेच! कीर्तनही दोन्हीकडे, कारकूनही दोन्हीकडे. अहो, नळाला दोन तोट्या लावल्या म्हणून एकीतून पाणी आणि दुसरीतून दूध थोडंच येणार?

खरी गोम आमच्या कन्येनं सांगितली. कॉम्प्युटर सगळ्या प्रोग्रामांचे आवाज आत एकत्र करतो आणि एका ठरलेल्या दारानं बाहेर सोडतो. वेगवेगळे आवाज वेगवेगळे बाहेर काढायचे तर मुळात दारं दोन हवीत. त्यासाठी हेडफोन घ्यायचा तो यूएसबीत बसणारा. त्याच्या अंगातच आवाज काढायचं स्वतःचं छोटं यंत्र असतं, त्यामुळे कॉम्प्युटर त्याला निराळं दार धरतो आणि स्पीकर मुके होत नाहीत. बिनवायरचा ब्लूटूथवालाही निराळंच दार, पण त्यात आवाज किंचित मागून येतो. कीर्तनाला चालेल. कळ दाबल्याबरोबर अक्षर ऐकायचंय त्याला मात्र वैताग येतो. मी नव्या पेठेतून वायरवालाच आणला.

पुढचं काम आमच्या विंडोज ११ मध्ये पाच मिनिटांचं निघालं. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असतं, त्यावर माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि व्हॉल्यूम मिक्सर उघडायचा. (मिक्सर म्हटल्यावर मला चटणीच आठवली. पण शेंगाचटणी खरी ती उखळातली, मिक्सरमधली नव्हे!) तिथं आवाज करत असलेल्या प्रोग्रामांची यादी दिसते. एकेकाचं नाव उघडलं की 'आउटपुट डिव्हाइस' अशी जागा सापडते. ब्राउझरपुढे स्पीकर निवडले आणि कीर्तन झोपाळ्याकडे गेलं. प्रोग्राम यादीत दिसत नसेल तर आधी त्याच्यावर काहीतरी वाजवून मग शोधा, मी अर्धा तास उगाच डोकं धरून बसले होते. नुसता लहानमोठा आवाज प्रोग्रामागणिक करायची सोय २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून होती. दार निवडायची सोय मात्र विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल महिन्यातल्या सुधारणेबरोबर आली. तुमच्याकडे लिनक्स असेल तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये हेच करता येतं.

कारकुनाचं दार त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येच निवडता येतं. तिथं आम्ही यूएसबी हेडफोन घातला. झूमसारख्या वर्गाच्या प्रोग्रामांनाही त्यांची त्यांची निवड असते, तेव्हा मुलांचे तास असतील तर तेही हेडफोनवर धाडता येतील. एक खोच लक्षात ठेवा. एकाच ब्राउझरमधल्या दोन पानांना कॉम्प्युटर एकच प्रोग्राम समजतो. कीर्तन एका दारानं आणि मुलीचं व्याख्यान दुसऱ्या दारानं हवं असेल तर एक क्रोममध्ये उघडा आणि दुसरं फायरफॉक्समध्ये. मामंजींना ही अडचण नाही. पत्र ब्राउझरमध्ये असलं तरी वाचणारा कारकून निराळा.

सगळं लावून झालं, पण मामंजी बसायला तयार होईनात. "आणि तो हेडफोन निसटला तर?" त्यांनी विचारलं. गणिताचे मास्तर, नेमकं बोट ठेवलं! यूएसबीची पिन सुटली की वाचणारा आवाज परत स्पीकरवर येऊ शकतो. मी करून पाहिलं, आलाच. त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. माझ्याकडून एका फाईलमध्ये पावकी आणि निमकी टाइप करून घेतली. रोज बसलं की पत्राला हात लावण्याआधी ती फाईल उघडायची. पाढे कानात आले तर पुढे जायचं.

सासूबाईंनी भावाचा विषय त्यांच्यापाशी कधी काढला की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. पण दुपारी दोघं पुन्हा एका खोलीत बसू लागले. त्यांचं कीर्तन झोपाळ्याकडे, यांची डाक कानात.

परवा मी भाकऱ्या थापत होते. बाहेर कीर्तन रंगात आलेलं, आणि मध्येच सर्दीच्या आवाजात पावकी सुरू झाली. मी पिठाच्या हातानं धावले, तोवर सासूबाई झोपाळ्यावरूनच ओरडल्या, "अहो, तुमचा कारकून आज माझ्याकडे आलाय!" मामंजी हसले, वाकले, आणि चाचपडत पिन शोधू लागले.