किटलीच्या दांडीतला चुकार उजेड

आधी मोबाइल घ्या, त्यात गॉर्डन च्युंग हे नाव टाका आणि या लंडनच्या चित्रकाराची फुलांची चित्रं बघा. मग पुढं वाचा. मी थांबते.

बघितलीत? फुलदाणीत खच्चून भरलेली ट्यूलिपं, गुलाब, पानावर एखादा किडा, सगळं जुन्या डच चित्रासारखं नीटस आणि तुकतुकीत. आणि मग एका पाकळीच्या ऐन मध्यापासून रंग सुटतो तो ओघळत, पट्ट्यापट्ट्यांनी, थेट चौकटीच्या कडेपर्यंत! भाचीनं हे मला दाखवलं तेव्हा आम्ही ईट या गावी बहिणीच्या ओसरीवर बसलो होतो. ती चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी सराव करत होती, मी शेंगा फोडत होते. शेंगा तशाच राहिल्या. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही, आणि घरातले माझ्यापुढं स्थिरचित्राचं नाव काढायला घाबरतात.

महाराष्ट्रातल्या शाळेत चित्रकला शिकलेल्या कुणालाही स्थिरचित्र समजावून सांगायला नको. टेबल, त्यावर चुण्या पाडलेली चादर, तांब्या, दोन वांगी, एखादं डाळिंब. उजेड एका बाजूनं, सावली दुसऱ्या बाजूला. कुणी टेबलाला धक्का लावला की ड्रॉइंगचे सर वर्ग डोक्यावर घ्यायचे. वस्तू टेबलावर हवी, उजेड एकीकडूनच हवा आणि काही हलता कामा नये, ही तिन्ही कलमं आमच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली. आणि हे स्क्रीनच्या जमान्यातले चित्रकार नेमकी हीच तीन कलमं उचकटून काढतायत! मला जे वेड लागलंय ते याचं.

च्युंग काय करतात ते ऐका. नेदरलँड्सच्या राइक्सम्युझियमनं २०१२पासून आपल्याकडची जुनी चित्रं मोठ्या आकारात इंटरनेटवर फुकट खुली केली. च्युंग असली चित्रं घेतात आणि किम आसेन्डॉर्फ या जर्मन कलाकारानं लिहून सगळ्यांना मोकळ्या केलेल्या एका प्रोग्रॅममधून काढतात. हा प्रोग्रॅम चित्रातल्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, एकेक ओळ धरतो आणि त्यातले ठिपके कमी-जास्त उजेडाप्रमाणे रांगेत लावतो. बस, एवढंच! रंगाचा एकही ठिपका वाढत नाही, एकही कमी होत नाही. फूल होतं तेवढंच्या तेवढं तिथंच असतं, फक्त त्याची रांग बदललेली असते. आणि फुलं तरी कुठली, तर ट्यूलिप. याच ट्यूलिपच्या कांद्यांचे भाव हॉलंडात आभाळाला भिडले आणि १६३७च्या फेब्रुवारीत धाडकन कोसळले. कांदे तेच, जमीन तीच, मोल तेवढं उडालं. आमच्याकडं बाजार पडल्यावर शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही! च्युंग यांच्या दुसऱ्या काही चित्रांत तर जाड रंगाची फुलं फायनान्शियल टाइम्सच्या शेअरभावांच्या पानांवर उमलतात. हे कळल्यावर मी ते ओघळ पुन्हा बघितले. ती नुसती करामत नव्हती, तो भाव पडताना दिसत होता.

मग मी खोदतच गेले, आणि हाताला काय लागलं तर चहाची किटली!

१९७५च्या सुमाराला अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाचा संशोधक कॉम्प्युटरला वस्तू काढायला शिकवत होता. त्याला नमुन्याला एखादी वस्तू हवी होती. बायको सँड्रा म्हणाली, आपली चहाची भांडी घे की. त्यानं घरातली पांढरी चहादाणी समोर ठेवली, आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं नुसत्या नजरेनं रेखाटली आणि वळणांचे बिंदू आकड्यांत मांडून कॉम्प्युटरला दिले. म्हणजे कॉम्प्युटरचा चित्रकलेचा पहिलीचा वर्गसुद्धा आमच्याच सरांच्या पद्धतीनं भरला होता! त्याच विद्यापीठात बुई तुओंग फोंग यांनी गुळगुळीत वस्तूवरची चकाकी कुठं आणि किती पडेल याचं सूत्र बसवलं. तांब्यावर चमक दाखवायला आम्ही कागद कोरा सोडायचो, त्यांनी त्याचं गणित केलं. जगभरातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी नंतर वर्षानुवर्षं हीच चहादाणी काढली, ‘टॉय स्टोरी’ सिनेमातही ती आहे. खरी चहादाणी अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलेली आहे आणि ती स्क्रीनवरच्या बहिणीपेक्षा उंच आहे, स्क्रीनवरची बसकी. शिवाय न्यूवेलच्या मूळ आकड्यांत बूडच नव्हतं. जगानं या बिनबुडाच्या चहादाणीवर प्रेम केलं, आणि ते प्रेम मात्र बिनबुडाचं नव्हतं!

डेव्हिड हॉकनीनं तर उजेडाचं कलमच उडवून दिलं. २००९पासून हा सत्तरी ओलांडलेला नामांकित चित्रकार आयफोनवर अंगठ्यानं फुलं काढून मित्रांना पाठवू लागला. फुलदाणी तीच जुनी, पण कागदावरच्या फुलाला बाहेरून उजेड लागतो आणि या फुलांच्या आतच दिवा. दिवा न लावता, अंथरुणात पडल्यापडल्या पहाट रंगवता येते. २०१०मध्ये पॅरिसला त्याचं प्रदर्शन लागलं त्यात चित्रं भिंतीवर होती ती फोनच्या आणि आयपॅडच्या पडद्यांवरच, जिवंत उजळलेली.

एवढं सगळं परदेशातलंच कसं, असं तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते: थांबा, आपले प्रभाकर बरवे! अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले. त्यांच्या चित्रात घड्याळ असतं, पान असतं, किल्ली असते, फळ असतं. टेबल नसतं! वस्तू एनॅमलच्या सपाट, शांत रंगात सुट्या सुट्या तरंगतात, एकमेकींशी बोलल्यासारख्या, पण कुणाचा कुणाला आधार नाही. आता फोनचा पडदा उघडून बघा. घड्याळ, पाकीट, कॅमेरा, सगळं सपाट रंगावर तसंच सुटं तरंगतंय. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १९९५च्या ऑगस्टमध्ये, आणि बरवे गेले ते त्याच वर्षाच्या अखेरीला. स्मार्टफोन त्यांनी पाहिलाच नाही. २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आज त्यांची चित्रं फोनवर बघताना वाटतं, वस्तूला टेबलावरून उठवायला यंत्र लागलंच नाही, एका माणसाची नजर पुरली.

आणि मुंबईचेच जितिश कल्लाट! २०१०-११च्या ‘एपिलॉग’ या कामात त्यांनी आपल्या वडिलांच्या आयुष्यातले चंद्र मांडले, २२,८८९. प्रत्येक चंद्र म्हणजे पोळीचा फोटो, कधी अख्खी, कधी अर्धी खाल्लेली, कधी कोर उरलेली. कलेकलेनं पोळी संपते, पुन्हा भरते. आमच्याकडं ज्वारीची भाकरी असती, एवढाच फरक! त्यांच्या ‘साइटिंग्ज’मध्ये फळाची साल इतक्या जवळून दिसते की वाटतं एखादा तारा फुटतोय. आपण दोन पावलं सरकलो की रंग उलटे होतात, जुन्या कॅलेंडरवरचा देव आपण हललो की डोळे मिटायचा ना, अगदी तसं. घ्या, न हलण्याचं कलमही गेलं!

एवढं सगळं डोक्यात घुसल्यावर गप्प कोण बसणार? ईट भूम तालुक्यातलं, कुंथलगिरीजवळचं गाव. हा सगळा पट्टा खव्याचा. भट्टीवरनं खव्याचा गोळा आणला, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून ॲल्युमिनियमची किटली मागून आणली, दोन्ही ओट्यावर मांडलं आणि भाचीनं पोर्ट्रेट मोडवर फोटो काढला. हाच तो मोड, माणूस स्पष्ट आणि मागचं धूसर करणारा.

“मावशे, ही दांडी बघ गं!”

बघितली. किटलीच्या मागची भिंत सगळी धुरकट झाली होती, पण दांडीच्या आतल्या पोकळीतून दिसणारा भिंतीचा तुकडा मात्र लख्ख, पोपडे मोजून घ्यावेत इतका. फोनला वाटलं, दांडी आणि तिच्यातली पोकळी, सगळी मिळून किटलीच! तोटीचं टोक त्यानं धुरात घालवलं होतं. खवा नजरेला पिवळसर, रवाळ, वर चार बोटांचे ठसे आणि कडेला तुपाची ओल. फोटोत त्याला इतकं गोरं आणि गुळगुळीत केलेलं की भट्टीवाल्यानं ओळखला नसता.

भाचीनं कागद घेतला आणि उभी रेघ मारून दोन भाग केले. डावीकडं डोळ्याला दिसतं तसं: ठसे, रवा, किटलीचे पोचे. उजवीकडं फोनला दिसतं तसं: गोरा खवा, तुटकी तोटी, आणि दांडीच्या आत तो एकच लख्ख, चुकार तुकडा. तो तुकडा रंगवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. बारीक ब्रशनं, श्वास धरून, एकेक पोपडा. यंत्राची गफलत माणसाच्या हातानं इतक्या निगुतीनं उतरताना बघून माझ्या अंगावर काटा आला. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की हे चित्रकार कॉम्प्युटरची चित्रं काढत नाहीत. आपण दिवसभर ज्या नजरेनं जग बघतोय आणि जिच्याकडं कधी बघत नाही, ती नजरच ते टेबलावर मांडतात, तांब्या-वांगी मांडावी तशी.

परीक्षेत भाची शहाण्यासारखी टेबल, चादर आणि एकीकडचा उजेड काढणार आहे. मार्क तिथंच आहेत आणि हात तिथंच बसतो. पण तुम्हाला कुठं परीक्षा आहे? घरातली दांडीची कुठलीही वस्तू घ्या, फोटो काढा, फोनला काय कळलं नाही ते हुडका आणि नेमकं तेच रंगवा. आणि किटली हॉटेलातली असेल तर घाई करा. आमचा हॉटेलवाला दुपारच्या चहाच्या आधी ती मागायला दारात उभा होता, आणि चित्र बघून विचारतो कसा, “माझी तोटी कुठं गेली?”