बारा इंच आणि एक मनगट

पांदेइरो म्हणजे डफली नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कारण 'साओ पावलोत सध्या काय शिकतेयस?' या प्रश्नाचं उत्तर दिलं की आईपासून कॉलेजच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'म्हणजे ते 'सरगम'मधल्या ऋषी कपूरसारखं का गं?'

दिसायला चुलत बहीण शोभेल, हे खरं. लाकडाचं गोल कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कड्यात झांजांच्या पाच जोड्या. पण डफलीच्या झांजा छन् करून रेंगाळतात. पांदेइरोच्या झांजा वाटीसारख्या खोलगट असतात, आवाज कोरडा, वाजला की लगेच मिटणारा. चामडं ताणायला स्क्रू आणि चावी असते. आणि मुख्य फंडा म्हणजे डावा हात नुसता धरायला नसतो. तो वाद्य सतत झुलवत असतो आणि उजव्या हाताचा अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच आळीपाळीने पडत राहतात. अंगठा कडेला पडला की 'धुम्', मधोमध थाप पडली की 'टाक्', आणि वर झांजांची अखंड चुळबुळ. थोडक्यात, अख्खा ड्रमसेट एका हातात!

मी इथे आले ती नवऱ्याच्या दोन वर्षांच्या आयटी प्रोजेक्टबरोबर. फ्रीलान्सरचं बरं असतं, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. पिन्येइरोस भागात बेनेदितो कालिस्तो नावाचा चौक आहे. तिथे दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तुटके कॅमेरे, आजीच्या काळातल्या कपबश्या, एलपी, आणि या सगळ्याच्या मधोमध शोरो! शोरो म्हणजे ब्राझीलचं एकोणिसाव्या शतकातलं शहरी संगीत, जन्म रिओचा, वयाने सांबापेक्षा मोठं. बासरी, सात तारांची गिटार, कावाकिन्यो नावाची चार तारांची चिमुकली गिटार आणि पांदेइरो. २०२४ मध्ये ब्राझीलने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. मी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातात समोसासारखं काहीतरी होतं आणि ते गार होईपर्यंत खायचं विसरले.

मग क्लास लावला. बाई साठीच्या आहेत, मला 'मेनीना' म्हणजे 'पोरी' म्हणून हाक मारतात, आणि चूक झाली की माझ्याकडे न बघता माझ्या कोपराकडे बघतात. वर्षभर त्यांचा दहा इंची पांदेइरो उसना वाजवला. दहा इंच हा इथला सर्वमान्य साइझ. पण आम्ही चौघं शिकाऊ मंडळी आता एकत्र वाजवायला लागलो होतो, आणि आमच्यात ढोल वाजवणारं कुणीच नाही. खालचा सूर एकट्या माझ्याकडे. गिटारवाला खर्जात उतरला की माझा 'धुम्' त्याच्याखाली गायबच व्हायचा. मला बारा इंची हवा होता.

इथे माझ्या डाव्या मनगटाची ओळख करून देणं भाग आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात असताना अंगठ्याच्या बाजूची शीर सुजली. सहा आठवडे पट्टा. चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखणं परत येऊ शकतं, हाताला जपा. नोकरदार मैत्रिणींना सिक लीव्ह असते. मला शब्दावर पैसे मिळतात, आणि शब्द बोटांतून येतात. त्या सहा आठवड्यांत मी एका हाताने टाइप करून दोनच लेख दिले होते, आणि भाडं नवऱ्याने एकट्याने भरलं होतं. तो काही बोलला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. त्यामुळे दीड-दोनशे ग्रॅम जास्त वजनाचं वाद्य घ्यायचं की नाही, हा माझ्यापुरता शौकाचा प्रश्न नव्हता.

आता दोन इंचांनी एवढं काय बिघडतं? गणित करून बघा. व्यास दहाचा बारा झाला की चामड्याचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. चामडं तेच आणि ताणही तेवढाच ठेवला, तर सूर साधारण तीन स्वरांनी, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांनी खाली येतो. तुम्ही म्हणाल, मग दहा इंचीच सैल कर की! करता येतो. पण फार सैल केलं की चामडं आळशी होतं, बोट पडल्यावर उसळत नाही, थाप बसकी वाटते. मोठ्या कड्यात सूर खाली ठेवूनही चामडं ताठ राहतं. जेजुरीला वाघ्याच्या हातातली दिमडी आठवते? केवढीशी असते! ती सुंदर कडकडते, पण घुमायला जागा लागते.

अर्थात इंच म्हणजे सगळं नव्हे. रिओचा मार्कोस सुझानो ऐका. लेनीनीबरोबरचा त्याचा 'ओल्यो दे पेइशे' हा अल्बम १९९३ चा. एका पांदेइरोतून असा खर्ज की बास गिटार आहे असं वाटावं. त्याने चामडं खाली उतरवलं, वाद्याला माइक लावला आणि आघातांचा क्रमच उलटा केला, म्हणजे सुरुवात अंगठ्याऐवजी बोटांच्या टोकांनी. पण आमच्या चौकडीकडे माइक नाही, आणि माझ्याकडे सुझानोची बोटं नाहीत.

तेओदोरो सांपायो हा वाद्यांच्या दुकानांचा रस्ता त्याच चौकाला लागून आहे. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आठ इंची, नायलॉनचा, चकचकीत लाल पांदेइरो पुढे केला. 'मुलींना हलका बरा पडतो.' मी नम्रपणे बारा इंची मागितला. त्याने पुन्हा आठ इंचीच वाजवून दाखवला. बाईंनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

(या वाद्याने याहून वाईट दिवस पाहिलेत म्हणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओत पांदेइरो हातात दिसला तरी पोलीस तो जप्त करायचे. जोआँव दा बायाना या सांबा कलावंताचा असाच हिरावून घेतला गेला, तेव्हा पिन्येइरो माशादो नावाच्या सिनेटरने १९०८ मध्ये त्याला स्वतःच्या नावाचा मजकूर कोरलेला नवा पांदेइरो भेट दिला, अशी गोष्ट इथे सांगतात. मग कोण हात लावतोय!)

दुसऱ्या दुकानात तीन बारा इंची समोर आले. पहिला नायलॉनचा. पावसात बिघडत नाही, झांजा खणखणीत, गर्दीवर मात करणारा. पागोजी प्रकारच्या सांबात हाच चालतो. पण तिथे खर्जाची जबाबदारी तांतां नावाच्या मांडीवर घेऊन वाजवायच्या ढोलाकडे असते. फुन्दो दे किंतालसारख्या ग्रुपमध्ये ऐकलं की ही वाटणी लगेच कळते. मला वाटून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून नायलॉन बाद. दुसरा बकरीच्या चामड्याचा, जाड कड्याचा. आवाज काय वर्णावा! 'धुम्' म्हटलं की दुकानातल्या गिटारींच्या तारा कुजबुजल्या. पण पाच मिनिटांत अंगठ्याखालची ती ओळखीची शीर जागी झाली. तिसराही बकरीचाच, पण कडं पातळ आणि झांजा हलक्या. आवाजात गडगडाट थोडा कमी.

'वीस मिनिटं वाजव. घड्याळ मी बघते,' बाई म्हणाल्या.

मोठा पांदेइरो आपटून वाजवता येत नाही, हे त्या वीस मिनिटांत कळलं. कडेचं वजन केंद्रापासून लांब असतं, त्यामुळे मनगट वर-खाली मोडायला गेलात की दर वेळी ते सगळं वजन शिरेवर येतं. कोपर कमरेजवळ टेकवायचं आणि कुलपात चावी फिरवतो तसा अख्खा पुढचा हात फिरवायचा. एकदा फिरलं की वाद्य स्वतःच्या वजनानेच परत येतं. दहा इंचीत मी हे चोरून जात होते. बाराने चोरी करू दिली नाही. बारा मिनिटांनंतर खांदा भरून आला, मनगट मात्र शांत. बाई पहिल्यांदाच कोपराकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

तिसरा घेतला. किंमत माझ्या दोन लेखांच्या मानधनाएवढी. तो जाड कड्याचा आवाज अजून कानात आहे, खोटं कशाला बोलू? आणि वेगाच्या चिजांना बारा इंची जडच पडतो. वाल्दिर आझेवेदोचं १९४९ मधलं 'ब्राझिलेइरिन्यो' निघालं की मी बाईंचा जुना दहा इंचीच उचलते. त्या वेगात 'धुम्' ऐकायला वेळ कुणाला असतो?

पण संथ चिजांमध्ये मजा येते. परवा एका वॉल्ट्झमध्ये गिटारवाला खर्जात उतरला आणि मी त्याच्याखाली होते. त्याने खुर्ची जराशी माझ्या बाजूला वळवली. रात्री मनगटाला शेक दिला, सकाळी आठशे शब्द टाइप केले, काही दुखलं नाही. रोज वाजवत नाही, एक दिवसाआड वाजवते.

साओ पावलोला रिमझिम पावसाचं शहर म्हणतात, आणि दमट हवेत बकरीचं चामडं लोळागोळा होतं. शनिवारी पाऊस सांगितलाय. चावी, मेण (बोट घासून थरथर काढायची तर चामड्यावर चोळावं लागतं) आणि आतून लावायची चिकटपट्टी पिशवीत टाकून ठेवलीये. पिशवी आईच्या जुन्या सुती साडीची. बारा इंची मावेल अशी दुकानात मिळाली नाही.