सारवलेली काच

पहाटे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर मागे पडेपर्यंत अंधार असतो, लोणी काळभोरला फटफटतं आणि उरुळी कांचनच्या पुढे कुठेतरी सूर्य थेट नाकासमोर येतो. त्या दिवशी तो तसा आला आणि माझ्यासमोरची काच दुधासारखी पांढरी झाली. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर होता, तो त्या पांढऱ्यात विरघळला. पाणी मारलं, वायपर फिरवला. पांढरेपणा जागचा हलला नाही. घाबरून हाताने आतून पुसायला गेले तर बोटांचे पाच झगझगीत पट्टे उमटले, आणि आता त्या पट्ट्यांमधून काय दिसेल तेवढंच जग उरलं.

गाडी बाजूला घेतली. खाली उतरून बाहेरून पाहिलं तर काच स्वच्छ, माझा उतरलेला चेहरा तीत नीट दिसत होता. पुन्हा आत बसले तर पडदा. आणि ही गाडी आदल्याच संध्याकाळी धुवून आणली होती. फेस, व्हॅक्यूम, डॅशबोर्डला पॉलिश, वर सुगंध फुकट.

‘पुसत्येस कुठे गो, सारवत्येस!’

हे वाक्य मी नऊदहा वर्षांची असताना मामाने मला ऐकवलं होतं. मामा मुंबईत टॅक्सी चालवायचा. काळी-पिवळी पद्मिनी. गिरगावातल्या चाळीखाली ती उभी असायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी सहाला ती धुवायचा मान मला मिळायचा. मान म्हणजे बादली उचलण्याचा. एकदा मामा चहाला वर गेला तेवढ्यात मी ओल्या फडक्याने पुढची काच मनापासून घासून काढली, साबणसुद्धा लावला. मामा आला, त्याने काचेवर तोंड जवळ नेऊन ‘हाऽऽ’ केलं आणि वाफेत माझ्या हाताचे सगळे गोल गोल फराटे उमटले, थेट आजोळच्या अंगणातल्या शेणाच्या सारवणासारखे.

त्याचं म्हणणं साधं होतं. जमीन सारवायची असते, तिथे काहीतरी लावायचं असतं. काचेवरून काढायचं असतं. फडकं ओलं असलं की मळ निघत नाही, फक्त पातळ होऊन सगळीकडे पसरतो, आणि पाणी वाळलं की जिथे थांबला तिथे रेघ धरतो. मामाकडे दोन फडकी असायची, दोन्ही आजोबांच्या जुन्या धोतराची, इतकी धुतलेली की त्यांत सुटायला धागाच उरला नव्हता. एक ओलं, पण घट्ट पिळलेलं. दुसरं कोरडं, आणि ते ओल्याच्या मागोमाग, काच वाळायच्या आत. शेवटी वर्तमानपत्राचा बोळा. कागद पाणी पितो, लव सोडत नाही आणि जरासा खरखरीत असतो, म्हणून तो चालतो. काचेच्या कडेचं रबर आणि आपली बोटं काळी होतात, ती वेगळी गोष्ट. सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं मामाला अजिबात खपायचं नाही. ‘ते बॉनेटला. काचेला लावलंस तर काच कोंबडीच्या पिल्लासारखी होते.’ नव्या पिवळ्या फडक्याची लव काचेला चिकटलेली ज्याने पाहिली असेल त्याला यापेक्षा अचूक उपमा सुचणार नाही.

पण उरुळीजवळचा पांढरा पडदा या सगळ्यापलीकडचा होता, कारण तो बाहेरून आलेलाच नव्हता. गाडीत प्लॅस्टिक, रेक्झिन, फोम ठासून भरलेलं असतं. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलकट द्रव्यं घातलेली असतात ती उन्हात तापून हळूहळू उडतात. नव्या गाडीचा जो वास आपण छाती भरभरून घेतो त्यात त्यांचाही वाटा असतो. दुपारी गाडी भट्टीसारखी तापते, रात्री काच गार पडते आणि हवेत उडालेलं ते ओशट काचेवर येऊन बसतं. त्यात आपला श्वास, आपली बोटं, आमच्याकडे तर डॅशबोर्डवरच्या गणपतीला रोजची उदबत्तीसुद्धा. आणि पॉलिश! डॅशबोर्ड चमकावणारा तो सिलिकॉनचा फवारा डॅशबोर्डवर थोडाच थांबतो. धुणाऱ्या पोराने मग त्याच फडक्याचा एक हात काचेवरूनही फिरवला असणार. मी वर त्याला वीस रुपये दिले होते.

हा थर इतका पातळ की एरवी दिसत नाही. पण त्याच्या सूक्ष्म थेंबांवर प्रकाश पडला की तो बराचसा पुढच्याच दिशेला विखुरतो. सूर्य समोर असला तर ती दिशा म्हणजे माझे डोळे. बाहेर उभ्या माणसाला काहीच कळत नाही, आत बसलेल्याचं मात्र पिठात पडल्यासारखं होतं. रात्री समोरून हेडलाइट आला तरी हीच तऱ्हा.

या काचेची जन्मकथाही अशीच न पुसलेली आहे. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचेचा चंबू खाली पडला. तडकला, पण तुकडे उडाले नाहीत. आत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं, ते उडून गेलं होतं आणि कुणी चंबू धुतला नव्हता म्हणून त्याचा पापुद्रा आतून चिकटून राहिला होता. त्यावरून १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये पापुद्रा बसवण्याचं पेटंट घेतलं. आजही गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिक दाबून केलेली असते. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे कुणीतरी भांडी नीट घासली नाहीत म्हणून आपण वाचतो.’

तर शनिवारी मी बसले. बसले म्हणजे खरोखर बसले, शेजारच्या सीटवर, कारण स्टिअरिंगमागून पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात हात जातच नाही. तिथे काच आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये जेमतेम तळहाताएवढी फट असते. हात उलटा करून, बोटांच्या पाठीवर फडकं घेऊन घातला तरच पोचतो. गाडी सावलीत, काच गार. उन्हात पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि मग रेघांची तक्रार करायला आपण मोकळे. धोतरं आता घरात नाहीत, म्हणून मायक्रोफायबर घेतलं. त्याचा धागा केसापेक्षा बारीक चिरलेला असतो, ओशट त्या चिरांत अडकतं. मात्र हे फडकं कपडे मऊ करणाऱ्या कम्फर्टात बुडवलं की संपलं. त्या मऊपणाचा थर चिरा बुजवतो आणि पुढच्या वेळी काचेवर उतरतो. पहिल्या फडक्यावर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब, फवारा काचेवर नाही, फडक्यावर. दर दोन हातांनी घडी उलटायची. पांढऱ्याशुभ्र फडक्यावर करड्या रंगाचं काहीतरी आलं, भुऱ्या जिऱ्याच्या पुडीसारखं, आणि मला क्षणभर किळस आणि समाधान एकदमच वाटलं. हे मी सहा महिने नाकापुढे घेऊन हिंडत होते.

एक युक्ती मात्र मनापासून आवडली. आतून आडवे हात मारायचे, बाहेरून उभे. रेघ राहिली तर तिच्या दिशेवरून कळतं की ती कुठल्या बाजूची. नाहीतर माणूस आतबाहेर करत, दोन्हीकडून एकाच रेघेला घासत बसतो. मागच्या काचेला गरम करणाऱ्या बारीक तारा असतात, त्यांना समांतरच पुसायचं.

बाहेरच्या काचेवर गोल पांढरे डाग होते, ते मात्र कशाने हलेनात. सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. गीझरमध्ये आणि नळाच्या तोंडाशी जो क्षार धरतो तोच इथे थेंबाथेंबाने वाळलेला. कॅल्शियम, मॅग्नेशियम. व्हिनेगर पाण्यात मिसळून फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवलं तेव्हा नवे डाग गेले. जुने काचेत रुतलेत, ते आता गाडीबरोबरच जातील. काचेवरून न निघणाऱ्या गोष्टींचा मला जुना अनुभव आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा आमच्या जुन्या गाडीची फिल्म मी ब्लेडने ओरबाडून काढली होती. तिचा डिंक पुढची तीन वर्षं धूळ गोळा करत होता.

मामाचं एक पाप मात्र मला माहीत आहे. गणपतीला तो टॅक्सी घेऊन गावी निघायचा, आम्ही सगळे कोंबलेले. कशेडी घाटात धो-धो पाऊस, आणि पद्मिनीचे वायपर म्हणजे दोन म्हाताऱ्या एकमेकींना हात करतायत तसे. एका वळणावर ते बंदच पडले. मामा उतरला, खिशातली तंबाखू ओल्या तळहातावर मळली आणि काचेवर बाहेरून खसाखसा चोळली. आत येऊन गाडी सुरू केली आणि चमत्कार झाला. पाण्याचे थेंब धरेनात, पाणी सपाट चादरीसारखं वाहू लागलं, रस्ता हलत हलत का होईना पण दिसायला लागला. काही ड्रायव्हर बटाटा कापून चोळतात, त्यानेही तेच होतं. मी मागून ओरडले, ‘मामा, आता कोण सारवतंय?’ त्याने उत्तर दिलं नाही. तंबाखू संपल्याचं दुःख मोठं होतं.

पद्मिनीच्या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मामाची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. तिच्या पुढच्या दारांना तिकोनी छोट्या काचा होत्या, त्या पुसताना करंगळी लागायची.

या दिवाळीत मामा पुण्याला आला. मी मुद्दाम आदल्या दिवशी दोन तास घालवले होते. त्याला पुढे बसवलं, सूर्य समोर येईल अशी गाडी लावली, गप्प राहिले. त्याने पुढच्या काचेवर ‘हाऽऽ’ केलं. वाफ एकसारखी पसरली, एकसारखी विरली, एकही फराटा नाही. मान हलली की नाही सांगता येत नाही. मग त्याचा डावा हात दाराशी हँडल शोधायला गेला, हँडल नव्हतं, बटण सापडलं. काच दोन बोटं खाली आली आणि थांबली. वरच्या रबराच्या खाचेत जी कड नेहमी लपलेली असते ती उघडी पडली. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी मळाची एक सरळ पट्टी होती.

‘आणि ह्ये?’ मामा म्हणाला.