धावणारा आणि आणणारा

लग्न जुळविताना कुळशील पाहण्याची चाल आमच्या घरातून केव्हाच गेली. परंतु कुत्रा निवडताना मात्र आम्ही ती मोठ्या उत्साहाने पुन्हा सुरू केली. त्याला आता वर्ष झाले. कात्रज ओलांडून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले, की खेड शिवापूरच्या पुढे भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे आमचे गाव लागते. तेथील जुन्या घरात आई एकटी राहते. वडील गेल्यावरही पुण्यातील आमच्या तीन खोल्यांत यावयास ती काही केल्या तयार होईना. तिला सोबत हवी यावर घरात एकमत झाले, आणि सोबत म्हणजे कुत्रा यावरही फार लवकर एकमत झाले. इतके लवकर, की मला तेव्हाच शंका यावयास हवी होती.

मतभेद झाला तो जातीवर. माझा कौल कारवानी कुत्र्याला. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, निमुळते तोंड, आणि दूरवर लागलेली गंभीर नजर! दख्खनच्या उघड्या माळरानावर सशामागे धावण्यासाठीच हा प्राणी घडला आहे. तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. आपल्या शेजारच्या मुधोळ संस्थानाने त्याच्या वंशाला नाव मिळवून दिले. 2005 साली आपल्या टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा हा शिकारी होताच. भाकरीवर राहणारा, उन्हाला न भिणारा, परक्याला सहसा अंगाला हात लावू न देणारा असा हा मानी प्राणी. त्याचे वर्णन करताना माझा आवाज वर्गात चढतो तसा चढत असे.

चिरंजीवांचा पक्ष लॅब्रडॉरचा. या कुत्र्याचा पत्ताच मुळी खोटा. नाव लॅब्रडॉरचे, पण पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडातील उमरावांनी तो जोपासला, आणि 1903 साली तेथील केनेल क्लबाने त्याला मान्यता दिली. मालकाने बंदुकीने पाडलेला पक्षी गार पाण्यातून, दाताचा ओरखडाही न उमटू देता आणून देणे हे त्याचे काम. त्यासाठी अंगावर केसांचे दुहेरी पांघरूण आणि पाण्यात सुकाणूसारखी चालणारी जाड शेपटी. वैशाखात हे पांघरूण घेऊन तो वरव्याला काय करणार, असे मी विचारले. शिवाय तो विलक्षण खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले, की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रडॉरांत एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि त्यामुळे त्यांना पोट भरल्याची जाणीव नीटशी होत नाही. असा बकासुर आईच्या गळ्यात बांधावयाचा?

चिरंजीवांनी शांतपणे उत्तर दिले, "बाबा, तुमच्या कारवान्याची नजर एकदा पळत्या वस्तूवर बसली, की त्याला मागची हाक ऐकू येत नाही. आणि आपल्या घरापासून हमरस्ता किती लांब आहे?"

मी निरुत्तर झालो. पण निरुत्तर झालेला प्राध्यापक मत बदलतो असे नाही. मी स्वदेशीचा मुद्दा काढला. त्यावर सौभाग्यवतींनी सुचविले, की ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना एकदा विचारून तरी पाहावे.

त्या रविवारी आम्ही गावी गेलो. भातखाचरांना पाणी लागले होते. ओटीवर बसून आईने दोन्ही पक्ष ऐकून घेतले. माझा जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "अरे, ससे मारायला आता बंदी ना?"

बंदी खरीच. 1972 च्या कायद्याने शिकार संपली, आणि कारवान्याचे पिढीजात काम संपले. लॅब्रडॉरचेही पक्षी आणण्याचे काम येथे कोठून असणार? दोघेही आपापल्या विद्येत बेकार पदवीधरच!

"मग धावणारा काय करायचा?" आई म्हणाली. "धावणाऱ्यांच्या पाठीकडे बघत माझा जन्म गेला. तुझे वडील नोकरीमागे धावले, तू शिकायला गेलास तो गेलासच. आता जाऊन परत येतो, असा कुणी असला तर आणा."

ती रागावली नव्हती. वांगी निवडत बोलत होती. म्हणूनच ते मला अधिक लागले. दूरवर लागलेली नजर, मागून आलेली हाक न ऐकणारे कान! ज्या जातीची मी इतकी तारीफ करीत होतो, तिच्यात मी माझेच चित्र पाहत होतो. कुत्र्याच्या जातीवर आम्ही महिनाभर वाद घातला, कारण आपल्यापैकी कोणी येथे येऊन राहावे की काय, हा वाद आम्हांला टाळावयाचा होता.

लहान पिल्लू उड्या मारून आईला पाडील, म्हणून चार वर्षांचा, वयाने निवलेला लॅब्रडॉर आणला. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाला तो कोठेतरी सोपवावयाचाच होता. त्याचे इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसेना. तिने त्याला बाळू म्हणावयास सुरुवात केली. पन्नास वर्षांपूर्वी त्या घरात हे नाव आणखी एकाचे होते, हे चिरंजीवांना ठाऊक नाही.

राखणदार म्हणून मात्र तो अगदीच कुचकामी ठरला. कोणीही आले तरी शेपटी हलवितो. डोंगरपट्ट्यात बिबट्याचा वावर, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. म्हणून अंधार पडताच आई त्याला घरात घेऊन कडी लावते. राखणीसाठी आणलेल्या कुत्र्याची राखण ती करते, आणि त्यामुळे अलीकडे तिला झोपही बरी लागते म्हणे.

मी आता दर शनिवारी वरव्याला जातो. पूर्वी महिन्याने जात असे. आता बाळूचे वजन पाहावयास हवे, आई भाकरीवर भाकरी घालते, असे कारण मी सांगतो. गाडीचा आवाज आला की तो फाटकाशी येतो, माझ्या हाताची पिशवी हळूच तोंडात धरतो आणि पुढे चालत मला ओटीपर्यंत नेतो. पिशवीवर दाताचा ओरखडाही नसतो. आई म्हणते, "आणलंस का रे?" हा प्रश्न ती कुत्र्याला विचारते.